पुस्तकातला चाबूक, शेजारचा पट्टा

ताई,

तुमचं सदर आई वाचते, म्हणून मीही वाचते. नाव लिहीत नाही ते त्यामुळेच. वय ३४, राहायला कर्वेनगर, नोकरी हिंजवडीला, लग्नाला आठ वर्षं. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास जातात, त्यात फोनवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. गेली चार-पाच वर्षं त्यातल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या आहेत. कुणीतरी कुणालातरी बांधतं, हुकूम सोडतं, चाबूक मारतं. मला त्या आवडतात. मारापेक्षाही माराच्या आधीचं ते ताटकळणं जास्त आवडतं.

माझी आई वीस वर्षं एका महिला संघटनेच्या सल्ला केंद्रात बसायची. लहानपणी आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. समोरच्या बिऱ्हाडातले काका बायकोला पट्ट्यानं मारायचे आणि आई रात्री जाऊन त्यांचं दार वाजवायची. पट्ट्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अशा घरात वाढलेल्या मुलीला असलं वाचून सुख कसं होतं? मला काही आजार आहे का?

गेल्या वर्षी नवऱ्याला सांगितलं. तो चिडला नाही. माझ्या फोनवरचं एक पुस्तक त्यानं दोन रात्री जागून अर्धं वाचलं. मग एकदा आम्ही प्रयत्न केला. तो मध्येच थांबला आणि गॅलरीत जाऊन बसला. म्हणाला, "मला माझाच हात नकोसा झाला." त्यानंतर मी तीन-चार वेळा विषय काढला. आता म्हणतो, "तुझ्यासाठी करीन." पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. त्याला कसं पटवू? आणि पुस्तकांत दाखवतात तसं खरंच असतं का?

हे छापाल की नाही, माहीत नाही.

ता. क. यातलं एक पुस्तक छापील आहे. सासूबाई चातुर्मासात कराडहून येतात आणि आल्या आल्या कपाटं आवरतात. ते ठेवू कुठे?

— कर्वेनगरची

*

कर्वेनगरची,

छापते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांना 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी १९३४ साली कोर्टात उभं राहावं लागलं होतं आणि त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. त्याला नव्वद वर्षं उलटून गेली. आता माझ्यावर आली तर एवढीच आपत्ती येईल, की सकाळी दूध आणायला गेले की दोन माणसं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतील.

आजाराचं आधी उरकून टाकते. आपल्या कोशांत परपीडन आणि स्वपीडन असे शब्द आहेत, पण 'पीडा' म्हटलं की मला तरी शनी आठवतो, शेज नाही. युरोपात हे शब्द, सॅडिझम आणि मॅसोकिझम, दोन लेखकांच्या आडनावांवरून पडले. एक मार्की द साद, दुसरा लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख. क्राफ्ट-एबिंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं १८८६ साली लैंगिक विकृतींची जंत्री छापली आणि १८९० मध्ये माझोखच्या आडनावाचा रोग तयार केला. माझोख तेव्हा चांगला हयात होता. आपलं आडनाव आजारांच्या यादीत गेलेलं त्या बिचाऱ्याला याच देही बघावं लागलं. म्हणजे पुस्तक आधी आलं आणि रोग मागाहून. तो रोग आता यादीतून गेलाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेल्या अशा गोष्टीला तिच्यात आजार म्हटलेलं नाही. समोरच्याची संमती नसताना त्याला यातना देण्याची ओढ मात्र यादीत आहे, आणि ती असायलाच हवी. तेव्हा तुम्ही रोगी नाही. भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या 'गुप्त' डॉक्टरांकडे तर चुकूनही जाऊ नका.

आता वाड्यातला पट्टा. तुमच्या पत्रात खरी गाठ तिथे आहे.

माझोखची एक हकीकत सांगते. डिसेंबर १८६९ मध्ये त्यानं फॅनी पिस्टर नावाच्या बाईबरोबर चक्क लेखी करार केला. सहा महिने मी तुझा गुलाम, तू सांगशील ते करीन, चुकलो तर शिक्षा कर. तिनं होता होईल तो फरचे कपडे घालायचे. आता त्याच करारातली पुढची कलमं ऐका. गुलामाला रोज सहा तास स्वतःच्या कामासाठी मोकळे मिळतील. त्याची पत्रं आणि लिखाण मालकिणीनं बघायचं नाही. त्याची अब्रू जाईल असं काही तिनं करायला लावायचं नाही. असली गुलामी हिंजवडीत मिळाली तर लोक रांगा लावतील! या प्रकारात जो बांधला जातो त्यानंच दोरीची लांबी ठरवलेली असते. तुमच्या समोरच्या काकूंना सहा तास सोडा, सहा मिनिटं कुणी दिली होती का? कुठलं कलम त्यांनी घातलं होतं?

पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, या करारातून त्याची 'व्हीनस इन फर्स' ही कादंबरी आली. चावट काही मिळेल म्हणून ती उघडणाऱ्याची निराशाच होते. तिच्यात बर्फासारखे थंड पुतळे आहेत, फर आहे, बंद दारं आहेत आणि सगळ्यात जास्त आहे ते ताटकळणं. नायक सेव्हरिन वांडा नावाच्या बाईला विनवून, पढवून आपली मालकीण करतो आणि तिचा नोकर होऊन फ्लॉरेन्सला जातो. ती येईल का, रागावेल का, हात उचलेल का, यात पानंच्या पानं जातात. मारापेक्षा आधीचं जास्त आवडतं असं तुम्ही लिहिलंत, तो याच परंपरेचा स्वाद आहे. जिल द्यल्यझ या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९६७ मध्ये माझोखवर लांबलचक निबंध लिहिला. साद आणि माझोख या एकाच नाण्याच्या दोन बाजू नाहीत, असं त्याचं म्हणणं. माझोखच्या जगात मनधरणी असते, करार असतो, थांबणं असतं. सादच्या जगात कुणी कुणाला विचारत नाही. उलट समोरच्याला आवडायला लागलं तर सादच्या पात्रांची मजाच जाते. म्हणजे ज्याला मार हवा आहे तो सादच्या पात्राच्या काही कामाचा नाही.

सादनं १७८५ साली पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात बारा मीटर लांबीच्या कागदी गुंडाळीवर मुंगीएवढ्या अक्षरात एक कादंबरी लिहिली. तिचा साहित्यिक दबदबा मोठा आहे, पण माझं प्रांजळ मत सांगते. पन्नास पानांनंतर ती वाण्याच्या खतावणीसारखी होते. इतके जण, इतक्या वेळा, अशा अशा रीतीनं, पुढचं पान. दुसऱ्याला माणूस मानायचंच नाही असं ठरवलं की लिखाणही निर्जीव होत असावं. काकांनी साद कधी वाचला नसेल, पण ते त्याच गावचे. तुम्ही वाचता त्या कादंबऱ्या, निदान त्यातल्या बऱ्या, माझोखच्या गावच्या आहेत. चाबूक दोन्ही गावांत असतो, म्हणून तुमचा गोंधळ झाला.

'पण दुखतं ते दुखतंच ना?' असं तुम्ही म्हणाल. माझी भाची ढोल पथकात आहे. पावसाळा लागला की नदीपात्रात सराव सुरू होतो. घरी येते तेव्हा बोटांना चिकटपट्ट्या, तळहाताला फोड, आणि ढोल जिथे बांधतात तिथे कमरेवर काळानिळा पट्टा. तो वळ ती आईला कौतुकानं दाखवते. हीच मुलगी दारात बोट चेमटलं तर सोसायटी गोळा करते. कातडीतून मेंदूकडे जाणारी वर्दी दोन्ही वेळा तीच असते, पण मेंदू ती जशीच्या तशी मानत नाही. हे संकट आहे की आपणच ओढवून घेतलेलं आहे, आजूबाजूला आपली माणसं आहेत की नाहीत, हे तोलून मग तो दुखण्याची किंमत ठरवतो. शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. कामोत्तेजनेत तर दुखणं सहन करण्याची ताकद वाढतेच. यातलं काहीच काकूंच्या बाबतीत घडत नव्हतं. त्यांचं शरीर संकटातच होतं.

पुस्तकं खरं सांगतात का, हा तुमचा दुसरा प्रश्न. इच्छेबद्दल बऱ्याचदा खरं सांगतात. बाकी सगळ्याबद्दल थापा मारतात.

१९५४ साली पॅरिसमध्ये 'स्टोरी ऑफ ओ' निघाली. लेखिकेचं नाव छापलं होतं पोलिन रेआझ. ओ नावाची बाई प्रियकराच्या शब्दाखातर स्वतःला पूर्णपणे इतरांच्या स्वाधीन करते, मार खाते, डाग घेते, चकार शब्द काढत नाही. एवढ्या थंड, नेटक्या भाषेत हे लिहिणारा पुरुषच असणार, असं कित्येकांनी धरून चाललं. चाळीस वर्षांनी, १९९४ मध्ये, आन देक्लो या ८६ वर्षांच्या बाईंनी सांगितलं की ते मी लिहिलं. झाँ पोलाँ हा मोठा संपादक त्यांचा प्रियकर. वयानं वीसेक वर्षं मोठा, विवाहित, सादचा भक्त. असलं लिखाण बाईला जमायचं नाही, असं तो म्हणाला होता. तो आपल्यापासून दुरावेल या धास्तीनं, रात्री अंथरुणात पेन्सिलीनं, त्याच्या एकट्यासाठी त्यांनी हे लिहायला घेतलं. कागदावर ओ सगळं सोसते आहे आणि कागदाबाहेर देक्लोबाई एका मुरलेल्या संपादकाला पानापानाला अडकवून ठेवत आहेत. दोरी कुणाच्या हातात होती, सांगा बघू? पोलाँनं पुस्तकाला प्रस्तावना लिहिली तिचं नाव 'गुलामीतलं सुख'. मला तर वाटतं, तोच बांधला गेला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

हे तुमच्या बसमधल्या वाचनालाही लागू आहे. चांदणी चौकात गर्दीत बस अडली असताना तुम्ही बांधल्या जाता, पण पान उलटणारा अंगठा तुमचा असतो. नको झालं की फोन पर्समध्ये. म्हणूनच तिथे इतकं बिनधास्त सुख लागतं. दिवसभर हजार गोष्टी ठरवणाऱ्या, घर आणि ऑफिस दोन्हीकडे उत्तरं देणाऱ्या बाईला 'आता तू काहीच ठरवायचं नाहीस' या वाक्याची ओढ लागणं मला मुळीच गूढ वाटत नाही. आईनं दाराची कडी वाजवली, कारण काकूंना ते दार आतून उघडता येत नव्हतं. तुमचं दार आतून उघडतं.

मात्र ओच्या संमतीला अंत नाही. एका शेवटात तर ती मरायची परवानगी मागते आणि तिला ती मिळते. कादंबरी म्हणून मला ते भेदक वाटतं. घरात असली संमती कुणी द्यायची नाही आणि दिली तरी कुणी घ्यायची नाही.

अलीकडच्या, २०११ सालच्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'बद्दल माझं मत वाईट आहे, पण त्यातल्या चाबकामुळे नाही. नायक नायिकेचा फोन कुठे आहे ते शोधून तिच्या मागे बारमध्ये पोहोचतो, पुढच्या भागात ती काम करते ती कंपनीच विकत घेतो, आणि आपण याला प्रेम समजायचं. कराराची चर्चा पानोपानी चालते, सही काही होत नाही. लहानपणी त्याचे हाल झाले म्हणून तो असा, आणि प्रेमानं तो सुधारेल. म्हणजे क्राफ्ट-एबिंगचा रोग मागच्या दारानं परत आत. पण त्या पहिल्या भागाचा शेवट मुळातून वाचा. ती आपणहून सांगते, तुझं जास्तीत जास्त काय ते दाखव. तो पट्ट्यानं सहा फटके मारतो. ती उद्ध्वस्त होऊन त्याला सोडून जाते. थांबवण्यासाठी ठरवलेले शब्द तिच्याजवळ होते, तिनं ते वापरले नाहीत. हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात खरं पान वाटतं. शब्द ठरवणं सोपं असतं. समोरच्याचा विरस होईल, आपण भित्रे ठरू, या लाजेनं तो ऐन वेळी तोंडातून बाहेर पडत नाही.

हा शब्दाचा घोळ फार जुना आहे. कॉलेजात आम्हाला संस्कृत शिकवणारे सर नखक्षत, दंतक्षत आलं की "हे तुम्ही घरी पाहून घ्या" म्हणून पुढे जायचे. घरी पाहायला कामसूत्र होतं कुठे! पुष्कळ वर्षांनी मी ते वाचलं. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात नखांवर एक अध्याय, दातांवर एक, आणि प्रहणन म्हणजे मारणं व सीत्कार म्हणजे त्यावर निघणारे आवाज, यांवर एक आहे. या शेवटच्याची सुरुवातच 'कलहरूपं सुरतम्' अशी होते. रतीचं रूप भांडणाचं, कारण कामाचा स्वभावच वाकडा. खांदे, पाठ, कुशी अशा ठरावीक जागी, ठरावीक चार प्रकारे मारायचं. त्यावर बाईच्या तोंडून निघणारे आवाज दिले आहेत, आणि 'आई गं', 'नको', 'सोड', 'पुरे' अशा अर्थाचे शब्दही. वात्स्यायनाच्या काळीच 'पुरे' हा शब्द त्या खेळातल्या गाण्याचा भाग झाला होता!

मग खरोखर पुरे झालं तर काय म्हणायचं? याचं उत्तर त्याच्याकडे नाही, पण ते नसल्याचे परिणाम आहेत. चोल राजानं 'कीला' नावाच्या प्रहारानं चित्रसेना या गणिकेचा जीव घेतला. नरदेवानं एका नटीचा डोळा घालवला. आणि कुंतलच्या शातकर्णी सातवाहनानं 'कर्तरी'नं आपली राणी मलयवती मारली. सातवाहन म्हणजे आपलेच, ज्यांच्या नागनिकेचा लेख बघायला आपण जुन्नरवरून नाणेघाटात जातो. या प्रहारांना वात्स्यायन स्वच्छ अनार्य म्हणतो आणि एक दृष्टान्त देतो. भरधाव निघालेला घोडा वेगानं आंधळा होतो, त्याला वाटेतला खुंट, खड्डा, दरी काही दिसत नाही. तो शब्द 'वेगान्ध' असा आहे. एवढा नेमका शब्द मला या विषयावरच्या आजच्या कुठल्याही कादंबरीत सापडला नाही.

म्हणून ज्यांना हे पुस्तकाबाहेर करायचं असतं ती माणसं खेळाबाहेरचा एखादा शब्द आधी ठरवून ठेवतात. पुष्कळ जण सिग्नलचे रंग घेतात. पिवळा म्हटलं की हळू, लाल म्हटलं की त्या क्षणी सगळं बंद. पुण्यात सिग्नल पाळायची परंपरा नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही दुसरं काही निवडा. वांगं म्हणा. तोंड बांधलं असेल तर हातातली वस्तू खाली टाकायची खूण ठेवतात.

थापांचं म्हणाल तर पुस्तकातली दोरी दोन ओळींत बांधून होते. खरी दोरी वेळ खाते, मध्येच पायात गोळा येतो, कुणाला तरी हसू फुटतं. दंडावर किंवा मनगटावर चुकीच्या जागी दोरी आवळली तर नस दबते आणि मनगट आठवडेच्या आठवडे लुळं पडू शकतं. म्हणून जवळ कात्री हवी, आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडून फोन घ्यायलासुद्धा जायचं नाही. गळा आवळणं तर पूर्ण वर्ज्य. कादंबऱ्यांत आणि फोनवरच्या चित्रफितींत तो प्रकार हल्ली लोणच्यासारखा तोंडी लावायला असतो, पण त्याची सुरक्षित रीत अस्तित्वात नाही. दारू पिऊन यातलं काहीही करायचं नाही. आणि संपल्यावर काय, हे पुस्तक सांगतच नाही, कारण तिथे प्रकरण संपतं. खऱ्या माणसाला त्यानंतर पांघरूण लागतं, पाणी लागतं, कुशीत घेणारं कुणी लागतं. कधी दुसऱ्या दिवशी विनाकारण रडू येतं. ज्याच्यावर हात चालला त्याला येतं, तसं ज्यानं चालवला त्यालाही येतं.

आमच्या वेळच्या पिवळ्या पुस्तकांत चाबूक नव्हते. वर्तमानपत्राचं वेष्टन घालून जी हातोहात फिरायची, त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा असायची. ती 'नको नको' म्हणते, तो ऐकत नाही, आणि तिसऱ्या पानावर तिला आवडायला लागतं. त्यात ना करार, ना शब्द. माझ्या पिढीच्या पुरुषांचं लैंगिक शिक्षण त्यावर झालं. तुमच्या त्या इंग्रजी चाबकांपेक्षा मला हे कितीतरी हिंसक वाटतं.

आता नवरा. "त्याला कसं पटवू?" हे तुमचं वाक्य मी तीन वेळा वाचलं.

माझोखच्या बायकोचं नाव औरोरा र्‍युमेलिन. त्याच्या कादंबरीवरून तिनं वांडा हे नाव घेतलं. १९०६ साली, तो गेल्यानंतर, तिनं आत्मचरित्र लिहिलं. ते वाचलं की चित्र उलटं होतं. फर घाल, चाबूक उचल, परपुरुष शोध, म्हणून तो तिच्या मागे लागायचा. तिला यातलं काही नको होतं. घर चालावं, नवऱ्याचं लिखाण चालावं म्हणून ती करत राहिली. अर्थात तीही तिची बाजू, आणि आत्मचरित्रात कोण स्वतःला वाईट म्हणवून घेतं? पण 'गुलाम' मालकिणीला राबवतो हे मला त्यात स्वच्छ दिसतं. गुडघ्यावर बसलेला माणूसही जबरदस्ती करू शकतो.

तुमच्या नवऱ्यानं शब्द उच्चारला आहे. 'मला माझाच हात नकोसा झाला' हा त्याचा लाल दिवा होता. त्यानंतर तुम्ही तीन-चार वेळा गाडी पुढे काढलीत. तुम्ही वाईट म्हणून नाही, तुम्हाला वाटलं की संमती फक्त मार खाणाऱ्याकडून घ्यायची असते. हात ज्याचा, त्याचीही लागते. 'तुझ्यासाठी करीन' आणि नजर दुसरीकडे, ही संमती नव्हे. हे वाक्य एखाद्या बाईच्या तोंडी असतं तर तुमच्या आईनं केंद्रात काय म्हटलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा आधी मागणी परत घ्या. मोघम नको, शब्दांत. "तू नाही म्हणालास ते मला तेव्हा ऐकू आलं नाही, आता आलं" एवढं पुरे. मग त्याला वाड्याबद्दल सांगा. पट्ट्याचं तुम्ही मला लिहिलंत, पण त्याला सांगितल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. आणि त्याला विचारा, तुला लहानपणी कुठल्या भिंतीपलीकडचं काय ऐकू यायचं? मला भविष्य येत नाही, पण स्वतःच्या हाताची शिसारी आली की माणसाला बहुतेक दुसऱ्या कुणाचा तरी हात आठवलेला असतो.

तुम्हाला ताटकळणं आवडतं, ही तर केवढी सोय आहे! त्याला हात उचलायची गरजच नाही. डोळ्यांवर ओढणी बांधून तो शेजारी बसून राहिला, काहीच केलं नाही, कधी करणार तेही सांगितलं नाही, तर तुमची निम्मी कादंबरी झाली. तुमच्या आवडीचं एखादं पान त्यानं तुम्हाला वाचून दाखवणं, हाही प्रकार आहे. किंवा एखाद्या दिवशी ओढणी त्याच्या डोळ्यांवर. यातलं त्याला काय रुचेल हे त्यालाच विचारायचं, आणि 'काहीच नाही' हे उत्तरही ठेवून घ्यायची तयारी ठेवायची. तसं झालं तर ही गोष्ट तुमच्या बसमध्येच राहील. एखाद्याला ट्रेकिंग आवडतं आणि जोडीदाराला नाही, तेवढीच ही अडचण आहे, थोडी जास्त दुखरी. बोलणं दरवेळी रडण्यावर किंवा अबोल्यावर जात असेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. पहिल्या भेटीत ती व्यक्ती कपाळाला आठ्या घालायला लागली तर फी देऊन उठा आणि दुसरी शोधा. आईला सांगायची काही गरज नाही. तिनं हे वाचून ओळखलंच, तर तो तिचा प्रश्न.

आणखी एक. 'व्हीनस इन फर्स'च्या शेवटी सेव्हरिन मार खाऊन शहाणा होतो, म्हणजे पुरुषी अर्थानं शहाणा, स्वतःच हातात चाबूक घेणारा. पण त्याच्या तोंडी माझोखनं एक वाक्य घातलं आहे. आज बाई पुरुषाची गुलाम तरी होऊ शकते किंवा जुलमी मालकीण तरी, सोबतीण नाही. ते तेव्हाच होईल जेव्हा हक्क, शिक्षण आणि काम यांत ती त्याच्या बरोबरीची असेल. १८७० साली! तुम्ही दोघं पगारात आणि शिक्षणात बरोबरीचे असाल असं गृहीत धरते. तेव्हा तुम्हा दोघांना गुलाम-मालकीण खेळणं त्याच्यापेक्षा सोपं जायला हवं, आणि न खेळणंही.

राहता राहिल्या सासूबाई. फोनला आकड्यांचं कुलूप असेलच. छापील प्रत कपड्यांच्या घडीत, धान्याच्या डब्यामागे, देवघराच्या खणात अजिबात नको, आवरणारी बाई आधी तिथेच हात घालते. तुमच्या ऑफिसच्या पुस्तकांच्या रांगेत ती उभी लावून टाका, संगणकाच्या दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये. आणि काहीही झालं तरी वर्तमानपत्राचं वेष्टन घालू नका. सासूबाई माझ्या वयाच्या असतील, तर आत काय आहे ते त्या न उघडताच ओळखतील.